लेकरांच्या वाटणीची मूठ

आळंदच्या बोर्डिंगातली चाळीस लेकरं दोन वेळा जेवत होती ती सिद्धव्वाच्या पायांवर. कमिटी होती, कमिटीचा रबरी शिक्का होता, ओसरीवर रंगवलेली पाटी होती, सगळं होतं. पण पाटी शिजवून कुणाला वाढता येत नाही. आसपासच्या वाड्यावस्त्यांतल्या दोनशे घरांतून मूठमूठ ज्वारी गोळा व्हायची, आणि ती गोळा करायला दर सोमवारी झोळी खांद्याला अडकवून निघायची ती एकटी सिद्धव्वा. बाकीची मंडळी सभा भरवायची.

ही लेकरं रझाकारीच्या धामधुमीत उघड्यावर पडलेली. कुणाचा बाप इकडच्यांनी मारला, कुणाचा तिकडच्यांनी. पंगतीत बसल्यावर ते काही ओळखू येत नव्हतं. सिद्धव्वाचा नवराही त्याच साली गेला. मूलबाळ नाही. चार एकर रान आणि एक म्हैस, एवढंच मागं राहिलं. वर्षभर ती भिंतीकडं तोंड करून बसली आणि मग एक दिवस उठून बोर्डिंगाच्या दारात गेली. म्हणाली, "मला कायतर काम द्या, न्हाईतर मी येडी होईन." तिथले व्यवस्थापक शिवशंकरप्पा, वयानं तिच्याहून थोडे मोठे, मवाळ माणूस. त्यांनी काही न विचारता तिच्या हातात झोळी दिली.

मुठीची रीत अशी होती. प्रत्येक घरात चुलीजवळ एक लहान मडकं ठेवायचं. बाई दळायला बसली की जात्यात दाणे घालायच्या आधी त्यातली एक मूठ त्या मडक्यात टाकायची. महिन्याच्या ठरल्या सोमवारी सिद्धव्वा येणार, मडकं झोळीत रिकामं करणार. झोळी भरली की गावातल्या एखाद्या घरी पोत्यात ओतायची, आणि ते पोतं मागनं गाडी आणायची. ऐकायला सोपं वाटतं. पण पहिल्या वर्षी काय व्हायचं, की पाहुणा आला, दाणे कमी पडले, की बायका मडक्यातलीच मूठ उसनी घ्यायच्या. उद्या टाकू म्हणायच्या. तो उद्या काही उजाडायचा नाही, आणि सिद्धव्वानं मडकं उपडं केलं की त्यातून चार दाणे आणि एक झुरळ पडायचं. त्या साली शिमग्याच्या सुमाराला लेकरांना दोन दिवस नुसत्या कण्यांच्या पाण्यावर काढावे लागले. वाढायला सिद्धव्वाच होती. एक पोरगी ताट चाटूनपुसून तिच्याकडं बघत बसली, अजून मागावं की नको म्हणून. सिद्धव्वाला त्या पोरीचं ते बघणं कितीतरी दिवस जेवू देईना.

मग ती खवळली. घराघरात जाऊन बायकांना चुलीवर हात ठेवायला लावायची आणि वदवून घ्यायची, "मडक्यात पडली ती मूठ लेकरायची. आपन उपाशी मेलो तरी तिला हात लावायचा न्हाई." लिंगायताच्या घरात तेच, मराठ्याच्या घरात तेच. आणि म्हणायची अशी, की नव्या सुनांच्या अंगावर काटा यायचा. उपाशी मेलो तरी. बोलायला माणसाला काय लागतं? पण रीत बसली. मडकी भरून यायला लागली, आणि कमिटीनंही तसाच ठराव करून टाकला: लेकरांच्या नावावर चढलेलं धान्य बाहेर कुणाला द्यायचं नाही. तो ठराव सिद्धव्वानंच हट्टानं करवून घेतला होता.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. कोणत्या घरची मूठ आली आणि कुणाची राहिली, हे ती त्या त्या घराच्या चौकटीवरच ठेवायची. कमरेच्या चंचीत पानासाठी चुना असायचा. मडकं रिकामं केलं की चौकटीच्या आतल्या अंगाला चुन्याचं एक बोट. संध्याकाळी आळंदला परत आली की शिवशंकरप्पांपुढं बसून, ज्या वाटेनं चालली त्या वाटेनं एकेक घर सांगत जायची आणि ते वहीत मांडून घ्यायचे. दोनशे घरांत कधी चूक नाही. शिवशंकरप्पा म्हणायचे, "अक्का, माझी वही एखाद्या वेळी खोटं बोलंल, तू न्हाई बोलायचीस."

आता सुतकाचं ऐका. बसवण्णाला मानणाऱ्या घरांत सुतक पाळत नाहीत. गेलेलं माणूस शिवाला मिळालं, त्यात विटाळ कसला, असं त्यांचं म्हणणं, आणि सिद्धव्वा त्याच वळणात वाढलेली. त्यामुळं बोरवाडीत कलाबाई नावाच्या मराठ्याच्या बाईचा सासरा वारला, तेव्हा पाचव्या दिवशी सिद्धव्वा नेहमीसारखी झोळी पसरून दारात उभी राहिली. कलाबाईनं भिडेपोटी मडकं ओतलं. झालं. वाडीला कळलं, वाडीवरनं आळंदला कळलं, आणि बोर्डिंगातल्या लेकरांचे मामे-चुलते ओसरीवर येऊन भांडायला लागले, सुतकाचं धान्य आमच्या लेकरांच्या पोटात घातलं म्हणून. त्या दिवशीची सगळी ज्वारी बैलांपुढं टाकावी लागली. अकरा घरांनी मडकी फोडली. शिवशंकरप्पा तिच्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अक्का, आपल्यात सुतक न्हाई ते खरं. त्यांच्यात हाय की." ओरडले असते तर तिला कमी लागलं असतं. ती अकरा घरं परत जोडायला तिला सहा महिने लागले, आणि तिनं मनाशी गाठ मारली: मराठ्याच्या घरात कुणी गेलं, की त्यांनी आपण होऊन हाक मारल्याशिवाय त्या दारात झोळी घेऊन जायचं नाही.

कुणालाही वाटावं, बाई शहाणी झाली. तिलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या साली, म्हणजे पहिलं मतदान होऊन गेलं त्या साली, मार्गशीर्षात बोरवाडीचा राघोबा वारला. कलाबाईच्या शेजारचंच घर. राघोबाची बायको चंद्रभागाबाई साठी ओलांडलेली, अंगानं चिवट, बोलायला कमी आणि मूठ टाकण्यात सगळ्या वाडीच्या पुढं. तिची दोन्ही लेकरं लहानपणीच देवीच्या साथीत गेलेली. मडकं ओतताना ती सिद्धव्वाला बोर्डिंगातल्या लेकरांची नावं विचारायची. कोणतं पोरगं भांडखोर आहे, कोणती पोरगी लई खाती, हे तिला माहीत असायचं, आणि ज्यांना तिनं कधी पाहिलं नव्हतं त्यांच्या खोड्या ती राघोबाला रंगवून सांगायची.

राघोबा गेल्यावर सिद्धव्वा तिसऱ्या दिवशी तिच्याकडं गेली, पण झोळी कलाबाईकडं ठेवून, रिकाम्या हातानं. तासभर ओसरीवर बसली आणि आली. पुढच्या महिन्याला वाडीत गेली तेव्हा तेरावं उरकून गेलेलं होतं. हाक मात्र आली नाही. चंद्रभागाबाई उंबऱ्याच्या आत बसलेली दिसली. नव्या दुःखातल्या बाईला झोळी कशी दाखवायची, म्हणून सिद्धव्वा मान खाली घालून पुढं गेली. माघात तसंच. फाल्गुनातही तसंच. पुढं पुढं तर त्या दाराकडं बघायचीच तिला चोरी झाली, कारण इतक्या महिन्यांत आपण साधी विचारपूसही केली नाही, याची लाज वाटायला लागली होती. आपल्या सगळ्यांचंच असं होतं. एकदा टाळलेल्या घरी दुसऱ्यांदा जाणं जड जातं, आणि तिसऱ्यांदा तर पाय उचलतच नाही. वहीत शिवशंकरप्पांनी राघोबाच्या नावापुढं 'बंद' असं लिहून टाकलं.

त्या साली रब्बीची ज्वारी कणसात भरलीच नाही. आषाढ लागला तशी घराघरांतली मडकी अर्धी यायला लागली. श्रावणात शिवशंकरप्पांनी सिद्धव्वाला कोठी उघडून दाखवली. "चार दिवसाचं हाय, अक्का. तुटलेली घरं परत जोडता येतील का बघ. न्हाईतर धा लेकरं परत धाडावी लागतील." परत म्हणजे कुठं धाडणार? ज्याला घर असतं ते बोर्डिंगात येतं कशाला? सिद्धव्वानं बंद पडलेली घरं एकेक करून आठवली. पहिलं आठवलं ते चंद्रभागाबाईचं.

सोमवारी दुपारी ती बोरवाडीत आली आणि या खेपेला मान वर करून सरळ त्या दाराशी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. "चंद्रभागा मावशी," तिनं हाक मारली.

"कोन? सिद्धव्वा का?" आतून आवाज आला. "आलीस का ग बाई. ये आत. मला उठाया येईना."

आतल्या अंधाराला डोळे सरावायला वेळ लागला. चंद्रभागाबाई चुलीजवळ गोणपाटावर पडलेली होती. हातांच्या काड्या झालेल्या, गाल आत गेलेले, पाय मात्र सुजून तुकतुकीत झालेले. आणि तिच्या उशाशी, भिंतीला लागून, चार मडकी ओळीनं मांडलेली, तोंडाला फडकी बांधलेली. सिद्धव्वानं एक फडकं सोडलं. आत काठोकाठ ज्वारी. दुसरं सोडलं, तिसरं सोडलं. कीड लागू नये म्हणून प्रत्येकात लिंबाचा पाला घातलेला.

"घे मोजून," चंद्रभागाबाई म्हणाली. "जेठापर्यंतची हाय समदी. आखाडात दळनच झालं न्हाई, म्हनून मूठ पडली न्हाई. तेवढं माफ कर."

 सिद्धव्वा तिच्याजवळ खाली बसली. "मावशी, सांगून कामून न्हाई धाडलंस ग?"

"काय सांगून धाडू? तू दर म्हैन्याला दारावरनंच जायलीस. मी मडकं मांडीवर घेऊन बसायची. तू मान खाली घालून जायचीस. मागं कलाबाईच्या दान्यावरनं इतका दंगा झाला. मला वाटलं, ह्या घरात मानूस गेलं, आता हितलं लेकरायला चालत नसंल. हाक मारली आन् तू नको म्हनलीस तर मी काय करू? म्हनून हाक मारली न्हाई. पर मूठ टाकायची सोडली न्हाई बघ. कबूल केलेली."

आठ महिने ही बाई मडकं मांडीवर घेऊन बसत होती, आणि आपण तिचा मान राखतो म्हणून मान खाली घालून जात होतो. सिद्धव्वाला आपलीच किळस आली.

आवाज ऐकून शेजारची कलाबाई आली. दाराशी उभी राहून तिनं जे सांगितलं ते असं. राघोबाचं रान पुतण्यानं, आप्पारावनं, वाट्यानं कसायला घेतलं होतं. पिकलं काहीच नाही. त्यानं एक पोतं आणून टाकलं आणि तो बायकापोरांना घेऊन हैदराबादकडं कामाला निघून गेला. ते पोतं पुरवून पुरवून किती पुरवणार? "आमी इचारायचो की हो अक्का," कलाबाई म्हणाली. "इचारलं की म्हनायची, हाय की माझ्याकडं, बघा की. आमाला मडकी दिसायचीच की भरलेली. मला वाटलं, म्हातारीकडं आमच्यापरीस जास्त हाय. माझीच लेकरं अर्धपोटी, म्हनून मी गप बसले." असं म्हणून ती तिथंच दाराला टेकून रडायला लागली.

सिद्धव्वानं डोळे पुसले आणि एक मडकं तिच्या पायथ्याच्या जात्याकडं ओढलं. "मी दळते, मावशी. आत्ता भाकर करते."

"आन् लेकरं?"

"लेकरायचं मी बघते."

"असं कसं?" चंद्रभागाबाईनं सुजल्या पायानं मडकं अडवायचा प्रयत्न केला. "तूच वदवून घेतलंस की. ह्याच चुलीवर हात ठेवून. उपाशी मेलो तरी हात लावायचा न्हाई म्हनून. मी लावला न्हाई."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सिद्धव्वानं सोसला असता. "येडी होते मी मावशी," ती म्हणाली. "बोलायचं म्हनून बोलले."

"येडी कशाची? त्याच्यावरच लेकरं जेवायलीत." आणि तिनं मडक्यावरचा पाय काही काढला नाही.

शेवटी कलाबाईनं आपल्या घरून वाटीभर आंबील आणली. ती मात्र चंद्रभागाबाईनं घेतली. दोन पळ्या झाल्यावर हातानं थांबवलं. "कलाबाई, दोन पळ्या झाल्या. उसनं हाय हे. ध्यानात ठेव." तिच्या डोळ्यांत थोडा जीव आल्यासारखा दिसला. सिद्धव्वाच्या मनात आलं, खाईल. रोज थोडं थोडं खाल्लं तर ही बाई जगेल. आता हेच एक काम, हिला खाऊ घालायचं.

"तू आधी ज्वारी ने," चंद्रभागाबाई म्हणाली. "डोळ्यासमोर गेली म्हंजे माझ्या जिवाला बरं वाटंल."

चारी मडकी कलाबाईच्या घरच्या गाडीतून आळंदला आली. मापात चार पायल्या आणि वर दोन शेर भरली. शिवशंकरप्पांनी 'बंद' हा शब्द खोडला आणि आकडा मांडला, आणि मग सिद्धव्वानं त्यांना सगळं सांगितलं. म्हणाली, "अण्णा, ह्यातली अर्धी मला परत द्या. तिच्यासाठी."

शिवशंकरप्पांनी वही मिटली. "तो ठराव कुनी करायला लावला, अक्का? तूच की. आज मी हिला दिलं, तर उद्या बोरवाडीची धा घरं येतील. ती काय खोटी उपाशी हायत? कुनाला हो म्हनू आन् कुनाला न्हाई म्हनू? लेकरांच्या तोंडचं माझ्या हातानं मला काढता येईना." त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले. "माझ्या घरनं पायलीभर ने."

"माझ्या कनगीत हाय," सिद्धव्वा म्हणाली आणि उठली. तिला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी ती असती तर तीही हेच बोलली असती, आणि बहुधा याहून कडक बोलली असती.

घरी येऊन तिनं कणगी तळापर्यंत खरवडली, दोन पायल्या निघाल्या. त्यातली एक दळली, म्हशीचं दूध घेतलं, गुळाचा खडा घेतला आणि मंगळवारी सकाळीच दोन कोस चालत बोरवाडीला गेली. चंद्रभागाबाईची चूल तिनं पेटवली. पातळ, मऊ भाकरी केली, दुधात कुस्करली, गूळ घातला आणि म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन पहिला घास तोंडाशी नेला. चंद्रभागाबाईनं तोंड उघडलं, आणि मग मध्येच विचारलं, "कुठलं ग हे?"

माझ्या घरचं, एवढंच म्हणायचं होतं. तेच खरं होतं. पण सिद्धव्वाच्या डोक्यात वाटभर दुसरंच घोळत होतं. दोन पळ्या आंबील उसनी म्हणून मोजणारी ही बाई, दोन कोसांवरनं आणलेलं पायलीभर पीठ कशी घेणार? फेडू कसं म्हणून झुरत बसेल. आणि आठ महिने हिला वाटत राहिलं, की बोर्डिंगाला आपल्या घरचं नकोसं झालं. तो सल निघावा, तिला मान मिळाल्यासारखं वाटावं, असं सिद्धव्वाला फार वाटलं. ती म्हणाली, "बोर्डिंगानं धाडलंय, मावशी. तुझं लई नाव काढलं समद्यांनी. तुझ्यासाठी म्हनून दिलंय."

चंद्रभागाबाईनं उघडलेलं तोंड मिटलं.

"लेकरायचं हाय?" तिनं विचारलं.

"तसं न्हाई, म्हंजे..."

"लेकरायच्या ताटातलं काढून मला आनलंस व्हय ग?"

सिद्धव्वाच्या हातातला घास तसाच राहिला. "न्हाई ग मावशी. खोटं बोलले मी. माझ्या घरचं हाय. माझ्या कनगीतलं. लिंगाची शपत."

चंद्रभागाबाईनं तिच्याकडं मायेनं बघितलं, एखाद्या लेकराची लबाडी पकडावी तसं. "मी खावं म्हनून बोलायलीस आता. तुला खोटं बोलता येईना, बाई. तोंड बघ की कसं झालंय तुझं." आणि मान वळवली.

त्यानंतर तिनं काहीच घेतलं नाही. कलाबाईनं आंबील आणली तर म्हणाली, "हेबी तिथलंच. तुमी दोघी मिळून करायलात." आदल्या दिवशी घेतलेल्या दोन पळ्यांचाही तिला संशय यायला लागला. सिद्धव्वानं पाया पडून सांगितलं, रडून सांगितलं, शेवटी रागावूनही सांगितलं. ज्या बाईच्या शब्दावर दोनशे घरांची वही चालायची, तिचा एक शब्द म्हातारीला खरा वाटेना. गुरुवारी सिद्धव्वानं आळंदला निरोप धाडला आणि शिवशंकरप्पा स्वतः आले. बिछान्याजवळ जमिनीवर बसले. "मावशी, मी एक दाना दिलेला न्हाई. पाहिजे तर वही दाखवतो," ते म्हणाले. चंद्रभागाबाईनं हात जोडले. "तुमचं मन मोठं हाय, मालक. म्हनून असं बोलायलाव." 

शेवटचे दोन दिवस ती फक्त पाणी घेत होती. मध्येच विचारायची, "जेवली का ग लेकरं?" सिद्धव्वा म्हणायची, "जेवली." "समदी?" "समदी." मग ती डोळे मिटायची. शुक्रवारी सकाळी तिनं विचारलं नाही. सिद्धव्वानं तिच्या तोंडाशी हात नेऊन बघितला आणि कलाबाईला हाक मारली.

सिद्धव्वा त्यानंतर पंधरा दिवस कुणाशी धड बोलली नाही. आपण तिला दोनदा मारलं, असं तिचं म्हणणं होतं; एकदा मान खाली घालून आणि एकदा तोंड उघडून. शिवशंकरप्पांनी समजूत घालायचा प्रयत्न केला, तर म्हणाली, "अण्णा, माझ्या घरचं हाय, एवढं तीन शब्द. तेवढं मला सुचलं न्हाई." 

पण भादवा लागला आणि ती झोळी घेऊन निघाली, कारण लेकरांना दोन वेळा भूक लागायची ती लागतच होती. आता मात्र तिनं नवं सांगायला सुरुवात केली. घराघरात चुलीशी बसायची आणि म्हणायची, "घरात कमी पडलं तर मडक्यातलं घ्या. मी सांगायलेय. आधी आपलं पोट, मग लेकरायची मूठ. मागं मी बोलले ते इसरून जावा." बायका ऐकून घ्यायच्या आणि एकमेकींकडं बघायच्या.

बोरवाडीची गोष्ट सगळीकडं गेलेली होती. पण ती सिद्धव्वाच्या मनात होती तशी गेली नव्हती. म्हातारीनं जीव दिला पर लेकरांची मूठ मोडली नाही, असं सासवा सुनांना सांगत होत्या. ज्यांनी मूठ बंद केली होती त्यांनीही मडकी परत चुलीजवळ ठेवली होती. त्या महिन्याला मडकी जितकी भरून आली तितकी आधी कधीच आली नव्हती. दहा लेकरांना परत धाडायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. वही लिहिताना शिवशंकरप्पांचा हात दोनदा थांबला.

पुढच्या सोमवारी एका वस्तीवर एक नवी सून मडकं घेऊन बाहेर आली. सहा-सात महिन्यांची गरोदर असेल, आणि दंडावर मांस म्हणून नाही. सिद्धव्वानं मडक्याच्या तोंडावर हात ठेवला. "पोटभर कधी जेवलीस ग?"

सून हसली. "जेवते की, अक्का."

"हे घेऊन जा आत. दळ, आन् खा. तुला आता दोघांचं खायचं हाय."

"अक्का, तुमीच असं म्हनायलाव?" ती पोरगी म्हणाली. "चंद्रभागा आजीनं काय केलं, आमाला ठावं न्हाई व्हय?" आणि तिनं सिद्धव्वाचा हात हळूच बाजूला करून मडकं झोळीत ओतलं.

सिद्धव्वाला झोळी मागं घ्यायची होती. तिनं ती घेतली नाही. आळंदला चाळीस लेकरं होती. ती तशीच त्या दारात उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, थांबेच ना. सुनेला वाटलं, अक्काला आपलं कौतुक वाटलं. ती लाजली, आणि आणखी एक मूठ आणायला आत गेली.